फोर्टातली दुपारची सुट्टी: डबा घेऊन उन्हात कसं बसावं

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. मुंबईत भरदुपारी उघड्यावर बसून निवांत जेवता येईल असे दिवस वर्षात एवढेच. पहाटे पारा १७-१८ पर्यंत उतरतो, दुपारी ३१-३२ पर्यंत चढतो, पण हवेतला दमटपणा ओसरलेला असतो आणि बाराच्या आसपास समुद्रावरून वारा सुटतो. अशा दिवसांत फोर्ट, चर्चगेट, बॅलार्ड इस्टेट या भागात नोकरी करणारी माणसं एसीच्या गारठ्यात, कीबोर्ड बाजूला सारून डबा खातात याचं मला खरंच वाईट वाटतं. ओव्हल मैदान, क्रॉस मैदान, हॉर्निमन सर्कलची बाग हे सगळं पायी अंतरावर आहे आणि कुठेही तिकीट नाही.

काही जण उत्साहाने जातात, घामाघूम होऊन परततात आणि पुन्हा नाव काढत नाहीत. त्यातल्या बहुतेकांनी सावलीचा हिशेब केलेला नसतो. म्हणून या लेखात सावलीला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. ती जमली की बाकीचं आपोआप जमतं.

आधी वेळ बांधून घ्या

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामाच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिलेली आहे. बऱ्याच ऑफिसांत पाऊण तास ते तासभर मिळतो. पाऊण तास धरून चालू. जाताना सात मिनिटं, येताना सात मिनिटं, जेवायला पंधरा-वीस, आणि उरलेला वेळ नुसतं बसायला. सात मिनिटांपेक्षा लांबची जागा कितीही सुंदर असली तरी ती रोजची होत नाही. तिकडे शनिवारी जा.

वेळ खरी खाते ती लिफ्ट. उंच इमारतींत एकच्या ठोक्याला लिफ्टसमोर रांग लागते. दहा मिनिटं आधी किंवा दहा मिनिटं नंतर निघायची परवानगी मागून घ्या. मागताना आडवळण नको. "सर, मी रोज पाऊण वाजता डबा घेऊन खाली जाते, दीडला जागेवर असते," एवढं सरळ सांगितलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही. परतायची वेळ सांगितली की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. मग ती वेळ मात्र काटेकोर पाळायची, निदान पहिले पंधरा दिवस.

तुमचा डबा डबेवाल्यांकडून येत असेल तर रिकामा डबा परत न्यायची त्यांची वेळ ठरलेली असते. त्यांची पुढची गाडी त्यावर अवलंबून असते, त्यामुळे ती आपल्यामुळे चुकायला नको. "मामा, डबा दीडला खाली वॉचमनकडे ठेवला तर चालेल का?" असं एकदा विचारून घ्या. चालत नसेल तर बाहेर बसायच्या दिवसांपुरता डबा घरूनच आणलेला बरा.

सावली कुठे पडणार, हे घड्याळावरून ओळखा

भारतीय प्रमाणवेळ पूर्वेकडच्या ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे आणि मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला आहे. म्हणून आपल्याकडे सूर्य घड्याळातल्या बाराला डोक्यावर येत नाही. १९५५ पर्यंत या शहराला स्वतःची वेळ होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. सूर्य अजूनही त्याच वेळेने चालतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खरी माध्यान्ह साधारण १२:२३ ला होते, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात १२:४० च्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:५३ ला. म्हणजे आपली जेवणाची सुट्टी ऐन माध्यान्हीला सुरू होते.

यातून दोन उपयोगाच्या गोष्टी निघतात.

एक. हिवाळ्यात माध्यान्हीचा सूर्य बरोबर दक्षिणेला असतो, म्हणून सावली उत्तरेला पडते. डिसेंबरच्या अखेरीस तो क्षितिजापासून ४७-४८ अंशच वर चढतो, त्यामुळे सावली चांगली लांब असते: १० मीटर उंचीच्या झाडाची जवळजवळ ९ मीटर. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तीच सावली ६ मीटरवर येते, मार्चअखेरीस ३ मीटरच्याही आत. मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाला सावलीच उरत नाही. डिसेंबरात अर्ध्या डझन माणसांना पुरणारं झाड मार्चमध्ये दोघांना पुरत नाही, ते यामुळे.

दोन. माध्यान्हीनंतर सावली पूर्वेकडे सरकते. डिसेंबरात त्या १० मीटरच्या झाडाच्या सावलीचं टोक पाऊण तासात अडीच-तीन मीटर पूर्वेला गेलेलं असतं. बहुतेक लोक सावलीच्या बरोबर मधे बसतात आणि अर्धं जेवण झाल्यावर ऊन अंगावर आलं की डबे उचलून हलतात. तुम्ही बसतानाच सावलीच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात बसा. सावली तुमच्याकडे येत राहील.

थंडीच्या दिवसांत सगळं अंग सावलीत ठेवायचीही गरज नसते. सकाळपासून एसीत बसून पाय गार पडलेले असतात. अशा वेळी झाडाकडे पाठ करून, तोंड उत्तरेला ठेवून सावलीच्या काठाशी बसायचं. डोकं आणि डबा सावलीत, पाय उन्हात. ऊन मागून येतं, डोळ्यांवर येत नाही, फोनकडे बघायची वेळ आलीच तर पडदाही दिसतो. मला विचाराल तर डिसेंबर-जानेवारीतली बसायची सर्वोत्तम पद्धत हीच.

ओव्हलवर दिशा ओळखणं सोपं आहे. चर्चगेटकडचं टोक उत्तर, कूपरेजकडचं दक्षिण, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट पूर्वेला, महर्षी कर्वे रस्त्यावरच्या आर्ट डेको इमारती पश्चिमेला.

हाच नियम चालतानाही वापरा. पूर्व-पश्चिम रस्त्यावर, उदाहरणार्थ वीर नरिमन रोडवर, दुपारी दक्षिणेकडचा फुटपाथ सावलीत असतो, कारण त्या बाजूच्या इमारतींची सावली उत्तरेला पडते. उत्तर-दक्षिण रस्त्यावर दीडनंतर पश्चिमेकडचा फुटपाथ धरा. दादाभाई नौरोजी रोडवर आणि हॉर्निमन सर्कलभोवती तर इमारतींच्या कमानींखालूनच चालता येतं.

जागा निवडा, दोन निवडा

एक रोजची आणि एक ती भरलेली असेल तेव्हाची.

*हॉर्निमन सर्कल.* फोर्टात ऑफिस असेल तर माझं पहिलं मत हिला. गोल बाग, जुनी मोठी झाडं, भोवती एकसारख्या इमारतींचं कडं. रस्त्यावरून आत पाऊल टाकलं की हवेतला फरक अंगाला कळतो. सावली इतकी दाट की इथे वरचा हिशेब फारसा लागतही नाही. उलट ऊन हवं असेल तर शोधावं लागतं. बाकं मात्र एकच्या सुमारास भरतात. "काका, जरा सरकता का?" म्हटलं की जागा होते. बागेला नाव दिलं आहे ते बेंजामिन हॉर्निमन यांचं. ते 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते आणि भारतीयांची बाजू घेतली म्हणून १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना हद्दपार केलं होतं.

समोरच १८३३ चा टाउन हॉल, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत. त्याच्या पायऱ्या पश्चिमेला तोंड करून आहेत, त्यामुळे माध्यान्ह उलटली की त्यांच्यावर ऊन येत जातं. जानेवारीतल्या गार दिवशी बसायला छान. फेब्रुवारीत दगड तापतो. तिथे डबा उघडू नका, जेवण बागेत करून मग पाच मिनिटं पायऱ्यांवर बसा.

*ओव्हल मैदान.* पूर्वेला व्हिक्टोरियन गॉथिक, पश्चिमेला आर्ट डेको, आणि मधे हे मोठं हिरवं मैदान. या सगळ्या परिसराला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं. जेवायला बसणाऱ्यासाठी त्यातला महत्त्वाचा भाग राजाबाई टॉवरचं घड्याळ. दर पंधरा मिनिटांनी त्याचे टोले ऐकू येतात, त्यामुळे फोन पिशवीतून न काढता वेळ कळते. अडचण सावलीची. कडेच्या उंच ताडांची सावली काठीएवढी पडते, ती धरून बसू नका. पसरट फांद्यांचं झाड शोधा. शिवाय इथे दुपारीही क्रिकेट चालतं, तेही लेदर बॉलने. बॉलरच्या मागे किंवा फलंदाजाच्या लेग साइडला कुंपणाजवळ पाठमोरं बसणं धोक्याचं आहे. खेळाकडे तोंड करून बसा.

*क्रॉस मैदान.* चर्चगेट स्टेशनच्या बाजूला स्टीलचा मोठा चरखा उभा आहे ती बाग. गर्दीतून सर्वांत लवकर पोहोचता येतं. झाडं ओव्हलपेक्षा सोयीची, पण फॅशन स्ट्रीट शेजारी असल्यामुळे आवाज जास्त. ज्यांच्याकडे अर्धाच तास आहे त्यांच्यासाठी ठीक.

*मरीन ड्राइव्ह.* नरिमन पॉइंटवाले सर्वांत आधी याचाच विचार करतात. दुपारच्या जेवणासाठी मी ही जागा सुचवणार नाही. इमारती पूर्वेला आहेत, त्यांची सावली कठड्यावर फक्त सकाळी येते. दुपारी एकला तिथे सावली नाही, टेकायला पाठ नाही, आणि वाऱ्याने पोळी उडते. जेवण आत करा आणि डिसेंबर-जानेवारीत टोपी घालून दहा मिनिटं वारा खायला जा. नरिमन पॉइंटवरून बसून जेवायचं असेल तर कूपरेजची बाग किंवा ओव्हलचं दक्षिण टोक बरं.

वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा लोअर परळला काम करणाऱ्यांना इतकी निवड नाही, हे मान्य. तिथे मैदानाच्या शोधात वेळ घालवू नका. आपल्या इमारतीच्या उत्तरेची बाजू पाहा. हिवाळ्यात उंच इमारतीची दाट सावली तिथेच असते, आणि पुष्कळदा एखादा कट्टा किंवा झाडाचा पार असतो.

महापालिकेच्या बागांच्या फाटकावर वेळांची पाटी असते. काही बागा दुपारी बंद ठेवतात. डबा घेऊन जायच्या आदल्या दिवशी एकदा रिकाम्या हाताने जाऊन पाटी वाचून या.

एकट्याने जाणाऱ्या बायकांसाठी एक-दोन गोष्टी. फाटकाच्या नजरेत असलेलं बाक निवडा. रोज त्याच वेळी, त्याच भागात बसा. आठवड्याभरात माळी, वॉचमन, शेजारचे जेवणारे चेहऱ्याने ओळखू लागतात आणि तीच मोठी सुरक्षितता असते. बाथरूमला ऑफिसमधून जाऊनच निघा, बाहेर भरवशाची सोय नाही.

बसण्याआधी खाली बघा, मग वर

जमिनीवर पांढरे ताजे शिंतोडे असतील तर वर कावळ्या-बगळ्यांची बसायची फांदी आहे. तिथे बसू नका. लाल मुंग्यांची रांग खोडावरून उतरत असेल तर दोन हात लांब. नारळाखाली कधीही नाही. वाळलेली, लोंबकळती फांदी दिसली तर झाड बदला.

जानेवारी-फेब्रुवारीत देशी बदामाची पानं लाल होऊन गळतात, पिंपळही पुढे पानगळीला लागतो. डिसेंबरात आवडलेली जागा फेब्रुवारीत उघडी पडू शकते. वडाची सावली टिकते.

कावळे हुशार असतात आणि माणूस पोळीचा तुकडा हातात घेऊन बोलत बसला की झेप घेतात. डब्याचं झाकण मांडीवर तयार ठेवा, घास घेतला की झाका. त्यांना पहिला तुकडा टाकायचा मोह आवरा, नाहीतर दुसऱ्या दिवशी चार येतात. कबुतरांना तर काहीच घालू नका. त्यांच्या विष्ठेने फुप्फुसांचे आजार होतात आणि मुंबईत दाणे टाकण्यावर दंडही आहे.

डबा बाहेरचा, म्हणून वेगळा

मांडीवर ठेवून, एका हाताने, न सांडता खाता येईल तेच. आमटी, रस्सा घरी. परतलेली कोरडी भाजी पोळीत गुंडाळून आणली की ताट-वाटी काही लागत नाही. थालीपीठ आणि घट्ट दही, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले, भाकरीत भरलेला झुणका हे सगळं उत्तम चालतं. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ घरी लावलं तर दुपारपर्यंत पाणी सुटतं. मीठ-कूट पुडीत आणा आणि तिथे मिसळा.

बाहेर खायला माझ्या मते सर्वांत चांगला पदार्थ दहीभात, पण तो सकाळी नीट लावला तर. भात मऊ शिजवा, परातीत पसरून पूर्ण गार करा. गरम भात डब्यात कोंडला तर तो बिघडतो. मग त्यात कोमट करून निववलेलं दूध जरा सढळ घाला आणि विरजणाला घेतो तेवढं, चमचाभर दही मिसळा. फोडणी तूप-जिरं-कढीलिंबाची, गार झाल्यावर वरून. सकाळी साडेसातला लावलेला हा भात एकपर्यंत बेताचा विरजतो, आंबट होत नाही आणि गोळाही होत नाही. मीठ जेवताना घाला. लोणच्याची फोड वेगळ्या डबीत.

हे दिवस फळांचेही आहेत: पेरू, बोरं, संत्री, डिसेंबरपासून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. स्ट्रॉबेरी घरून धुऊन आणा. संत्र-केळं वाटेत घेतलं तरी चालतं, सालीमुळे धुवायचा प्रश्न येत नाही. कापून ठेवलेली फळं आणि बर्फ घातलेला रस टाळा. भोगीच्या आसपास बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी डब्यात असेल तर ती दोन माणसांना पुरेल एवढी न्या, शेजारी बसलेला कुणीतरी नक्की विचारतो.

डबा नसेल त्या दिवशी फोर्टात सँडविच आणि वडापाव हाकेच्या अंतरावर मिळतात. कागदात बांधून घ्या आणि बागेत नेऊन खा. गाडीशेजारी उभ्याने खाऊन परत फिरलात तर बाहेर पडण्याचा अर्धा फायदा गेला.

पिशवीत काय

सर्वांत उपयोगी वस्तू: सुती पंचा. बाक धुळीचं असेल तर खाली अंथरा, ऊन आलं तर डोक्याला बांधा, हात धुतल्यावर पुसा. दोन ठेवा, एक बसायला, एक हातातोंडाला. याशिवाय लिटरभर पाणी (प्यायचं आणि हात धुवायचं दोन्ही), साबणाचा कागद, टोपी आणि कचऱ्याची एक पिशवी. संत्र्याची सालंसुद्धा झाडाखाली टाकू नका, मुंग्या आणि उंदीर येतात आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी बसता येत नाही. ही पिशवी ऑफिसच्या खणात कायम भरलेली ठेवा. रोज गोळाबेरीज करावी लागली की जाणं बारगळतं.

जेवण झाल्यावर

इथे घाई करू नका. जेवणानंतरची दहा मिनिटं ही या सगळ्याची खरी कमाई आहे. फोन पिशवीतच राहू द्या. सकाळपासून दीड-दोन फुटांवरच्या पडद्यावर खिळलेली नजर लांब जाऊ द्या: टॉवरच्या टोकाकडे, घिरट्या घालणाऱ्या घारीकडे, बॉलरच्या रनअपकडे. डोळ्यांचे स्नायू सैल होतात ते जवळचं बघणं थांबल्यावर. हातांवर थोडं ऊन घ्या. ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत, त्यामुळे ऑफिसातल्या खिडकीशेजारच्या खुर्चीचा त्यासाठी उपयोग नाही. पाच-दहा मिनिटं पुरे, चेहरा आणि डोकं झाकलेलंच असू द्या. त्वचा लगेच लाल होत असेल किंवा उन्हाने पित्त उठत असेल तर सगळा वेळ सावलीतच बसा.

डुलकी येत असेल तर येऊ द्या, फक्त पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि पिशवीचा पट्टा हाताला अडकवा. झोप नको असेल तर शतपावली. बॅलार्ड इस्टेटचे रस्ते यासाठी फार चांगले: रुंद, दुपारी शांत, दोन्ही बाजूंना वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आखणीतल्या एका उंचीच्या इमारती.

परतताना हळू चाला. भरभर चालून घाम आला आणि तसंच एसीत शिरलं की अंग गारठतं. लिफ्टआधी खाली लॉबीत दोन मिनिटं थांबा, पंच्याने मान पुसा, पाणी प्या.

कधी जाऊ नये

हिवाळ्यात मुंबईची हवाच कधीकधी वाईट असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर निघण्याआधी हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) बघा. २०० च्या वर असेल तर आतच जेवा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी १०० च्या वरच सावध व्हावं. दुपारी हवा तापून वर चढते आणि धूळ-धूर पांगतो, म्हणून सकाळी धुरकट दिसणारं आकाश एकपर्यंत बऱ्याचदा निवळलेलं असतं. सकाळचा आकडा बघून बेत रद्द करू नका, बाराला पुन्हा बघा.

फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. समुद्रावरचा वारा उशिरा सुटला की जमिनीवरून येणारे कोरडे वारे दुपारपर्यंत वाहत राहतात आणि पारा एकदम ३५ च्या पुढे जातो. साडेबाराला खिडकीतून झाडाचे शेंडे बघा. ते पश्चिमेच्या वाऱ्याने हलत असतील तर खुशाल निघा. हवा थबकलेली असेल किंवा वारा उलट दिशेने येत असेल तर त्या दिवशी डबा आतच उघडा.

फेब्रुवारीचा मध्य उलटला की दुपारचं बसणं थांबवा आणि तीच पिशवी सकाळसाठी वापरा. साडेआठच्या गाडीऐवजी आठची पकडली तर ऑफिसआधी अर्धा तास हातात येतो, ओव्हलच्या पूर्वेच्या कडेला टॉवर आणि हायकोर्टाची सावली तेव्हा असते, आणि डब्यातलं थालीपीठ अजून कोमट असतं.